आईला स्पामध्ये मालिशसाठी न्यायचे आहे: प्रकार, ठिकाण आणि तयारी यांविषयी सल्ला हवा

शेवंती

पुढच्या महिन्यात आईला पुण्यातल्या एका तारांकित हॉटेलच्या डे स्पामध्ये मालिशसाठी न्यायचे मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने ठरवले आहे. आई चौसष्ट वर्षांची आहे. तिने आयुष्यभर पोळी-भाजी केंद्र चालवले आणि रोज शेकड्यांनी पोळ्या लाटल्यामुळे तिचे खांदे व मानेची मागची बाजू कायम आखडलेली असते. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून काळजीचे कारण नसल्याचे सांगितले आहे, व्यायाम शिकवले आहेत आणि हलक्या मालिशीला त्यांची हरकत नाही.

अडचण आईच्या मनाची आहे. परक्या बाईसमोर कपडे उतरवायचे, मंगळसूत्र आणि पाटल्या काढून ठेवायच्या आणि एका तासासाठी पाच हजारांहून अधिक रुपये मोजायचे, यांतले काहीच तिला पटत नाही. आम्हा दोघींच्या बाळंतपणात तिनेच आमच्या अंगाला तेल लावले, नातवंडांना न्हाऊमाखू घातले. पण स्वतःच्या पाठीला कोणी हात लावणे तिला चैन वाटते. मला ती चैन वाटत नाही, आणि असलीच तरी ती तिच्या वाट्याला यावी असे मला मनापासून वाटते.

त्या स्पाच्या पत्रकावर स्वीडिश, थाई, अभ्यंग, डीप टिश्यू, गरम दगडांची मालिश, सुगंधी तेलांची मालिश अशी बरीच नावे आहेत. साठीच्या पुढच्या व्यक्तीला यांतले काय सोसेल? कपड्यांची व्यवस्था प्रत्यक्षात कशी असते? आणि जागा चांगली आहे की केवळ महाग आहे, हे पैसे भरण्यापूर्वी कसे ओळखावे? ज्यांना अनुभव आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

गवतफुला

पहिल्याच वेळी पूर्ण अंगाची मालिश घेण्याचा आग्रह धरू नका. फक्त पावले आणि पोटऱ्या, किंवा डोके, मान व खांदे, एवढीच मालिश बहुतेक ठिकाणी मिळते. तिच्यात कपडे जवळपास तसेच राहतात आणि वेळही अर्धा-पाऊण तासच लागतो. माझ्या सासूबाईंनी तिथूनच सुरुवात केली आणि पुढच्या वेळी पाठीची मालिश त्यांनी स्वतःहून मागितली.

निळासावळा

शेवंती, कपड्यांविषयीची भीती माहितीने बरीच कमी होते, म्हणून क्रमाने लिहितो. गेल्यावर आधी एक अर्ज भरून घेतात. त्यात आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधे, कशाची ॲलर्जी आहे, कुठे दुखते आणि कुठे हात लावायचा नाही हे विचारलेले असते. त्यानंतर कोमट पाण्यात पाय धुतात, तेलांचे दोन-तीन वास देऊन निवड करायला सांगतात आणि कपडे बदलण्याच्या खोलीत कुलपाचे कपाट, झगा आणि एकदाच वापरायची अंतर्वस्त्रे देतात. दागिन्यांसाठी बहुतेक ठिकाणी छोटी डबी असते. पण मंगळसूत्र काढायचे नसेल तर तसे आधीच सांगावे, मानेजवळ काम करताना ते बाजूला सरकवून घेतात.

मालिशीच्या खोलीत थेरपिस्ट बाहेर थांबते, आपण पलंगावर पालथे झोपून अंगावर चादर घ्यायची आणि मगच ती दार वाजवून आत येते. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच भाग उघडा असतो. पाठ झाली की पाठ झाकली जाते, मग एक पाय, तो झाकून दुसरा. कूस बदलताना थेरपिस्ट चादर उंच धरते आणि नजर वळवते. चांगल्या ठिकाणी हे इतक्या सहजतेने होते की उघडे पडल्याची भावना येत नाही. पोट आणि छातीची वरची बाजू नको असेल तर ती वगळतात, आणि ते सांगण्यासाठी कारण देण्याची गरज नसते.

वेळेचेही आधी विचारून घ्या. साठ मिनिटांत अर्ज, पाय धुणे आणि शेवटची अंघोळ धरली आहे का, की हात अंगाला लागण्याची वेळ साठ मिनिटे आहे, यात बराच फरक पडतो.

रोखठोक

माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्ट लिहितो. आमच्या भागात बाळंतिणींना तेल लावणाऱ्या मावशी घरी येतात, सहाशे रुपये घेतात आणि त्यांच्या बोटांना शरीर जेवढे कळते तेवढे शीतल खोलीत मंद संगीत लावणाऱ्यांना कळत नाही. पाच हजारांतले साडेचार हजार कारंज्याचे, फुलांच्या पाकळ्यांचे आणि संगमरवराचे असतात. आईला आपल्या घरात, आपल्या पाटावर, ओळखीच्या हातांनी तेल लावून मिळाले तर संकोचाचा प्रश्नच उरत नाही. ज्या बाईने आयुष्यभर कष्ट केले तिला तिच्याच जगातल्या कुशल हातांनी आराम द्यावा, असे मला वाटते.

तिळतेल

मी गेली काही वर्षे मुंबईत स्पा थेरपिस्ट म्हणून काम करते. माझी आजी गावात बाळंतिणींना तेल लावत असे, त्यामुळे रोखठोक यांच्या मावशींविषयी मला आदर आहे आणि त्यांच्या हातांत विद्या असते हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु दोन्हीकडे पाहिल्यावर काय वेगळे आहे ते सांगते.

मावशी सहसा विचारत नाहीत. त्यांना ठाऊक असलेला क्रम त्या सर्वांना लावतात, जोरही सर्वांना तोच, आणि दुखले तर ‘दुखतंय म्हणजे लागू पडतंय’ असे सांगतात. आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या दिवसापासून उलटे शिकवले जाते. दाब किती हवा ते आधी विचारायचे, पहिल्या पाच मिनिटांत पुन्हा विचारायचे, पालथ्या झोपलेल्या व्यक्तीचा चेहरा दिसत नाही म्हणून तिच्या पावलांकडे आणि श्वासाकडे लक्ष ठेवायचे. पायाची बोटे आखडली की दाब जास्त झाला असे समजायचे. आईला सांगा की ‘हळू’, ‘जरा जोरात’, ‘इथे नको’ हे तीन शब्द वापरण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे आणि ते ऐकून कोणत्याही जाणत्या थेरपिस्टला वाईट वाटत नाही.

प्रकारांविषयी. तुमच्या आईसाठी मी स्वीडिश किंवा हलका अभ्यंग सुचवीन. स्वीडिश मालिशीचे श्रेय स्वीडनचे व्यायामशिक्षक पेर हेन्रिक लिंग यांना दिले जात असले, तरी आज आम्ही जे हात शिकतो त्यांची वर्गवारी डच डॉक्टर योहान गेऑर्ग मेझगर (१८३८–१९०९) यांच्याकडे जाते: लांब सरकते हात, कणीक मळल्यासारखे स्नायू उचलून दाबणे, अंगठ्याने गोलाकार घर्षण, हलके थापटणे. खांद्याच्या पात्याच्या कडेला जिथे लाटण्याचा ताण साठतो, तिथे हे घर्षण सर्वांत उपयोगी पडते. डीप टिश्यूमध्ये कोपर आणि मुठीने खोलवर हळू दाब देतात. तो पहिल्याच वेळी आणि या वयात नको. सुगंधी तेलांची मालिश म्हणजे बहुधा स्वीडिशच असते, फक्त बदाम किंवा द्राक्षबियांच्या तेलात लव्हेंडर, गवती चहा यांचा अर्क थोड्या प्रमाणात मिसळलेला असतो. सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर बदामाच्या तेलाविषयी नक्की सांगावे.

चांगले ठिकाण ओळखण्याचा माझा मार्ग असा: फोन करून विचारा की आईला मानेचा त्रास आहे, तर काय घ्यावे. समोरच्या व्यक्तीने लगेच सर्वांत महागाच्या पॅकेजचे नाव सांगितले तर ते ठिकाण सोडून द्या. ‘त्यांचे वय किती, रक्तदाब आहे का, डॉक्टरांना विचारले आहे का’ असे उलट प्रश्न आले तर जा.

नाडी

मी डॉक्टर आहे. तिळतेल यांनी सांगितलेल्या उलट प्रश्नांना वैद्यकीय कारण आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एका पोटरीला अचानक सूज, वेदना आणि उष्णता असेल तर ती कधीही चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. लांबचा प्रवास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहणे, यानंतर हा धोका वाढतो. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर खोल दाबाने अंगावर काळेनिळे डाग पडतात आणि आत रक्तस्राव होऊ शकतो. ताप, त्वचेचा संसर्ग, उघडी जखम असताना मालिश पुढे ढकलावी. फुगलेल्या, वेड्यावाकड्या शिरांवर दाब देऊ नये. हाडे ठिसूळ असतील तर पाठीवर जोर, ताण आणि पिरगळणे टाळावे; साठीनंतरच्या स्त्रियांमध्ये हे बरेचदा आढळते आणि हाड मोडेपर्यंत लक्षात येत नाही. कर्करोगाच्या रुग्णांना मालिश सरसकट वर्ज्य नाही, परंतु उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच आणि त्यासाठी शिकलेल्या हातांनीच ती घ्यावी.

मालिशीनंतर वाफेची खोली असते. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी तिथे फार वेळ बसू नये. उष्णतेने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि चटकन उठल्यावर चक्कर येते. मालिशीचा पलंग सोडतानाही आधी कुशीवर वळावे, थोडा वेळ बसावे, पाणी प्यावे आणि मग उभे राहावे.

आणि एक गोष्ट सर्वांसाठी. मान झटक्याने वळवून ‘कटकन’ आवाज काढण्याची पद्धत सलूनमध्ये आहे आणि काही मालिश केंद्रांतही आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला त्यामुळे चीर पडू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. तुमच्या आईची मान आधीच आखडलेली आहे, तेव्हा मान मोडायची नाही हे अर्जावर लिहूनच द्या.

पिंपळपान

मालिशीने शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात, असे प्रत्येक स्पाच्या पत्रकावर लिहिलेले असते. नाडी, यात तथ्य आहे का?

नाडी

पिंपळपान, नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. व्यायामानंतर साठलेले लॅक्टिक आम्ल मालिशीने निघून जाते, हाही समज आहे. ते विश्रांतीच्या पहिल्या तासाभरातच शरीर आपण होऊन कमी करते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावून त्यांच्या एकाच पायाला मालिश केली आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे सूक्ष्म नमुने तपासले. मालिश केलेल्या पायात दाहाचे संकेत कमी आढळले, लॅक्टिक आम्लात मात्र फरक नव्हता. अभ्यास अवघ्या अकरा जणांचा होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. पण स्नायूंचा ताण कमी होणे, काही काळ वेदना कमी जाणवणे आणि झोप बरी लागणे, एवढे फायदे खरे आहेत आणि ते पुरेसे आहेत. खोट्या दाव्याची त्यांना गरज नाही.

मलबार

मी नोकरीनिमित्त कोळिकोडला राहतो. अभ्यंगाचा पर्याय विचारात असेल तर त्याची मुळे आपल्याकडेही तेवढीच खोल आहेत. नरक चतुर्दशीला पहाटे तेल-उटणे लावण्याची पद्धत त्याचेच घरगुती रूप आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोज करावा, त्याने वार्धक्य, थकवा आणि वात यांचे शमन होते, आणि डोके, कान व पाय यांना तो विशेषेकरून करावा, असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी कफाचा विकार असलेल्यांना, अजीर्ण झालेल्यांना आणि नुकतेच शोधनकर्म (वमन, विरेचन यांसारखी शरीरशुद्धी) झालेल्यांना तो वर्ज्य सांगितला आहे. म्हणजे आजचा अर्ज भरून घेण्यामागचा विचार त्या काळीही होता. भरल्या पोटी मालिश घेऊ नये हे तर सर्वांनीच पाळावे.

केरळच्या पर्यटन विभागाने आयुर्वेद केंद्रांसाठी ग्रीन लीफ आणि ऑलिव्ह लीफ अशी मानांकने सुरू केली. पुरुषांना पुरुष आणि स्त्रियांना स्त्री थेरपिस्ट ही त्यातील एक अट होती. इथल्या पारंपरिक केंद्रांत लाकडी द्रोणीवर, म्हणजे उथळ खोलगट पलंगावर, झोपवून दोन थेरपिस्ट दोन्ही बाजूंनी एकाच लयीत तेल लावतात. तेल कोमट असते आणि भरपूर असते. स्पामधील अभ्यंगात तेल पुष्कळच कमी वापरतात, कारण पाहुण्यांना नंतर लगेच कपडे घालून बाहेर पडायचे असते. शेवंती, आईला तेल जिरवण्याची सवय असेल तर ‘तेल जास्त घ्या’ असे सांगायला संकोचू नका.

दक्षिणवारा

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहते आणि कपड्यांच्या संकोचाचा मुद्दा वाचून मला इथल्याच एका माणसाची आठवण झाली. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले साके दीन महंमद ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याबरोबर राहिले, पुढे आयर्लंडमार्गे इंग्लंडला आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी ब्रायटनच्या समुद्रकिनारी वाफेचे स्नान आणि भारतीय पद्धतीची मालिश देणारे स्नानगृह उघडले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन्ही राजांचे ते अधिकृत मालिशकार होते. १८५१ साली ब्रायटनमध्येच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या स्नानगृहात पाहुण्याला फ्लॅनेलच्या तंबूत बसवत. तंबूला बाह्या शिवलेल्या असत. मालिश करणारा बाहेर उभा राहून त्या बाह्यांतून हात आत घालत असे आणि औषधी वनस्पतींची वाफ आत सोडलेली असे. परक्याच्या हाताखाली आपले शरीर देण्याचा संकोच इंग्लंडच्या उमरावांनाही होता आणि एका भारतीय माणसाने तो ओळखून त्यावर कापडाचा उपाय काढला होता, हे मला फार मोलाचे वाटते. निळासावळा यांनी वर्णन केलेली चादर त्याच विचाराची आहे. शेवंती, आईला हे जरूर सांगा, म्हणजे तिचा संकोच जुनाट किंवा गावंढळ आहे असे तिला वाटणार नाही.

रोखठोक

माहिती सर्वांनी उत्तम दिली आहे आणि विचारण्याविषयीचा तिळतेल यांचा मुद्दा मी मान्य करतो. तरी माझा मूळ प्रश्न पैशाचा आहे. पाच हजारांतून प्रत्यक्ष हात चालवणाऱ्या मुलीला किती मिळतात? ते कमीच असतील तर मावशींना सहाशे रुपये थेट हातात देणे अधिक न्याय्य नाही का?

तिळतेल

रोखठोक, हा प्रश्न कोणी विचारला याचे मला समाधान वाटले, कारण पाहुणे तो सहसा विचारत नाहीत. बहुतेक ठिकाणी आम्हाला महिन्याचा पगार असतो आणि प्रत्येक मालिशीमागे ठरलेली छोटी रक्कम. बक्षिसी मिळाली तर ती आमची, काही ठिकाणी ती सर्वांमध्ये वाटली जाते. म्हणून बक्षिसी द्यायची असेल तर ती बिलात न घालता थेरपिस्टच्या हातात द्यावी किंवा ती तिच्यापर्यंत पोहोचते का हे तिलाच विचारावे.

पगाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न हातांचा आहे. अंगठ्याचे सांधे हे आमचे भांडवल असते. म्हणून आम्हाला अंगठा कमी आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जास्त वापरायला, शरीराचे वजन पुढे टाकून दाब द्यायला आणि पलंगाची उंची आपल्या उंचीप्रमाणे लावून घ्यायला शिकवतात. दोन मालिशींमध्ये विश्रांती न देणाऱ्या ठिकाणी संध्याकाळच्या पाहुण्याला थकलेले हात मिळतात. त्यामुळे शक्य असेल तर सकाळची वेळ घ्या.

या व्यवसायात मिझोराम, नागालँड, मणिपूर येथून आलेल्या पुष्कळ मुली आहेत. त्यांच्याशी आणि आम्हा सर्वांशी काही पाहुणे कसे वागतात, याविषयी उघडपणे बोलले जात नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कर्मचाऱ्याला केवळ सहकाऱ्यांपासून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही सुरक्षित वातावरण देण्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर तक्रार समिती असलीच पाहिजे. मी जिथे काम करते तिथे गैरवर्तन करणाऱ्या पाहुण्याची मालिश त्याच क्षणी थांबवून खोलीबाहेर पडण्याची मुभा आम्हाला आहे आणि व्यवस्थापन आमच्या बाजूने उभे राहते. महागड्या ठिकाणाच्या किमतीत काही रक्कम या सुरक्षिततेची असेल, तर ती मला योग्य वाटते. घरोघरी जाणाऱ्या मावशींना हे संरक्षण प्रत्यक्षात कोणी देत नाही. त्यांना सहाशेपेक्षा अधिक मिळायला हवेत, हे मात्र तुमच्याबरोबर मीही म्हणेन.

पिंपळपान

याच संदर्भात पुरुषांची अडचण मांडतो. मला पाठीसाठी मालिश हवी असते, परंतु मालिश केंद्राची पाटी पाहिली की घरचे शंका घेतात. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये स्त्रियांनी पुरुषांना आणि पुरुषांनी स्त्रियांना मालिश करण्यावर बंदी घालणारी नियमावली काढली होती आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या बंदीला स्थगिती दिली. प्रामाणिक व्यवसाय करणाऱ्यांची रोजी अशा सरसकट बंदीने बुडते, असे मला वाटते. मी स्वतः पुरुष थेरपिस्ट मागून घेतो, कारण मला त्यात मोकळेपणा वाटतो, आणि हा ज्याच्या त्याच्या निवडीचा प्रश्न राहावा.

तालीमकर

कोल्हापूरकडचा आहे, म्हणून लिहितो. तालमीत मेहनत झाल्यावर पोरे एकमेकांना तेल लावून रगडतात. लहान पोरगा मोठ्या पैलवानाचे अंग दाबतो, उद्या त्याचे अंग दुसरा दाबतो, आणि यात कोणाला लाज वाटत नाही की कोणी कमी ठरत नाही. पुरुषाने पुरुषाकडून मालिश घेणे आपल्याकडे नवे नाही. मात्र पैलवानाची रगड सामान्य माणसाला पेलत नाही. नाडी यांनी दिलेला जोराविषयीचा इशारा मी गांभीर्याने घेण्यास सांगेन; तालमीतला उस्तादसुद्धा नव्या पोराच्या अंगावर पूर्ण वजन टाकू देत नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीत आम्ही मराठी मैत्रिणी मिळून अधूनमधून कोरियन पद्धतीच्या स्पामध्ये जातो. तिथे स्त्रियांच्या स्नानदालनात कपडे न घालता वावरावे लागते, खडबडीत हातमोज्याने अंग घासून मळ काढतात आणि मग एकत्र बसण्याच्या दालनात सर्वांना सारखे सुती कपडे देतात. मला ते आवडते, परंतु शेवंतीच्या आईसारख्या व्यक्तीला ते पहिल्यांदा सुचवणार नाही.

त्यांच्यासाठी थाई मालिश विचारात घ्यावी, असे मला वाटते. ती जमिनीवरच्या गादीवर, सैल कपडे घालून आणि तेलाशिवाय करतात. ‘नुआद थाई’ या नावाने युनेस्कोने २०१९ मध्ये तिचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला आणि बँकॉकच्या वाट पो मंदिरात ती आजही शिकवली जाते. कपड्यांचा संपूर्ण प्रश्न तिथे सुटतो.

तिळतेल

हडसनकाठ, कपड्यांचा प्रश्न सुटतो हे खरे आहे. परंतु थाई मालिशीत हातपाय ओढणे, कंबर पिरगळणे आणि पाठीवर गुडघ्याचा आधार देऊन ताणणे असते. चौसष्टाव्या वर्षी, हाडांची घनता तपासलेली नसताना, मी ती सुचवणार नाही. कपडे ठेवूनच हवी असेल तर खुर्चीवर बसून मान-खांद्यांची मालिश अधिक सुरक्षित आहे.

शेवंती

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दोन ठिकाणी फोन केला. पहिल्या ठिकाणाहून माझे वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच ‘रॉयल’ पॅकेज आणि वार्षिक सदस्यत्व सुचवण्यात आले. दुसऱ्या ठिकाणी आईचे वय, औषधे आणि मानेचा इतिहास विचारला, म्हणून तिथली सकाळची वेळ घेतली. दक्षिणवारा, तंबूची हकीकत आईला फार आवडली. तिने ती शेजारच्या काकूंनाही सांगितली.

अर्ज मराठीत नव्हता, त्यामुळे मी वाचून दाखवला आणि आईने स्वतःच्या हाताने ‘पोट नको, मान मोडू नये’ असे मराठीत लिहिले. तिथल्या थेरपिस्टने त्याचा अर्थ विचारून घेतला आणि तेवढ्याचीच पुन्हा खात्री केली. मंगळसूत्र आईने काढले नाही आणि कोणी त्याविषयी एक शब्द काढला नाही. खोली आईला गार वाटली, तेव्हा पलंगाखालची ऊब वाढवून दिली. उजव्या खांद्याच्या पात्याजवळ हात पोहोचताच थेरपिस्टने ‘तुम्ही उजव्या हाताने फार काम करता का’ असे विचारले आणि तिथे बराच वेळ दिला. आई म्हणाली, एवढ्या वर्षांत हे दुखणे मी सांगण्याआधी कोणाच्या लक्षात आले नव्हते.

तिच्या तक्रारीही लिहिते. डोक्याला तेल फारच थोडे लावले, संगीत तिला नको होते आणि मालिशीनंतर आल्याचा चहा घेत असताना तेलांच्या बाटल्या विकण्याचा जो प्रयत्न झाला तो तिला अजिबात आवडला नाही. दमलेल्या, सैलावलेल्या माणसाला अशा वेळी विक्रीचे बोलणे ऐकवू नये, हे तिचे म्हणणे मलाही पटते. बक्षिसी आईने स्वतः थेरपिस्टच्या हातात दिली, तिच्या मनगटांची चौकशी केली आणि पोळ्या लाटून दुखणाऱ्या मनगटांना ती स्वतः कसा शेक देत असे ते तिला दाखवले.

आता दोन प्रश्न उरले आहेत. खांद्यासाठी हे किती दिवसांनी करावे? आणि आई आता वडिलांनाही गरम दगडांच्या मालिशीसाठी पाठवायचे म्हणते. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, चालेल का?

तिळतेल

शेवंती, वाचून आनंद झाला. तीन-चार आठवड्यांनी पुरे. मध्ये घरी तिळाचे तेल कोमट करून बहिणीने किंवा तुम्ही मानेपासून खांद्याकडे लांब, संथ हात फिरवावेत. मणक्यावर दाब द्यायचा नाही, त्याच्या दोन्ही बाजूंना द्यायचा. पुढच्या वेळी संगीत बंद ठेवायला सांगा आणि ‘मालिशीनंतर विक्री नको’ हे वेळ घेतानाच नोंदवा. तशी नोंद आम्ही पाळतो.

रोखठोक

आईंना पुढच्या खेपेला मावशींचा हातही दाखवा आणि दोन्हींतला फरक त्यांच्याच शब्दांत इथे लिहा. मावशींना ‘आधी विचारा’ एवढेच सांगायचे काम मी माझ्याकडे घेतो.

निळासावळा

खर्चाविषयी एक उपयुक्त माहिती: सौंदर्य आणि शारीरिक स्वास्थ्याच्या सेवांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे. बिलात कोणता दर लावला आहे, ते पाहून घ्यावे.

नाडी

शेवंती, वडिलांना गरम दगडांची मालिश नको. दीर्घकाळच्या मधुमेहात पावलांची संवेदना कमी होते आणि दगड जास्त गरम आहे हे त्यांना कळणारच नाही. भाजल्याची जखम मग महिनोन्‌महिने भरत नाही. आधी डॉक्टरांकडून पावलांची संवेदना तपासून घ्या. ती ठीक असेल तर पाठ आणि खांद्यांची साधी, मध्यम दाबाची मालिश घ्यायला हरकत नाही. पाय बुडवण्याचे पाणी त्यांच्या पायाने नव्हे, तुमच्या कोपराने तपासा. जेवणाची व औषधाची वेळ चुकेल अशी वेळ घेऊ नका, इन्सुलिन घेत असतील तर ज्या जागी टोचले आहे तिथे लगेच चोळू देऊ नका, आणि नंतर बोटांमधली जागा कोरडी करून पावलांवर कुठे लालसर डाग किंवा खरचटले आहे का, ते त्याच दिवशी पाहा.